खारिसिरी डॉक्टरीणबाई

डोंगरमाथ्यावरच्या आमच्या काल्याविरी गावच्या इस्पितळात सर्जनला कोंबडी मिळते. सुईणीला चीज मिळतं, बारशाचं आवतण मिळतं. हाडांच्या डॉक्टरला तर एकदा कुणीतरी जिवंत मेंढी आणून दिली आणि ती दोन दिवस एक्स-रेच्या खोलीत बांधून ठेवावी लागली. नेमेसिया कालिसाया मात्र इतक्या वर्षांत कुणी दिलेला उकडलेला बटाटासुद्धा घरी घेऊन गेलेली मी पाहिली नाही. कारण ती भुलीची डॉक्टरीण. तिने ज्यांचं केलं ते सगळे तेव्हा झोपलेले होते, आणि झोपेतल्या माणसाला कुणाचे उपकार आठवणार?

मी बेनिग्ना. शस्त्रक्रियेनंतर माणसं शुद्धीवर येतात त्या खोलीतली नर्स. नेमेसिया आणि मी एकाच गल्लीत वाढलो. तिची आई बाजाराच्या कोपऱ्यावर जांभळ्या मक्याचं गरम आपी विकायची, आणि माझी आई तिच्या शेजारी बसून त्याबरोबर खायच्या पुऱ्या तळायची. त्यामुळे लोकांसमोर मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते आणि दार लागलं की अगं-तुगं.

भुलीचा डॉक्टर म्हणून इथे ती एकटीच. या उंचीवर, या थंडीत दुसरं कुणी टिकत नाही. येतो तो धापा टाकत येतो आणि बदलीचा अर्ज टाकून निघून जातो. मग काय, अपघात असो, अडलेली बाई असो, बोलावणं हिलाच. ती उभ्याउभ्या झोपते. भिंतीला पाठ टेकलेली, डोळे मिटलेले आणि एक बोट पेशंटच्या नाडीवर. नाडी जरा इकडची तिकडे झाली की डोळे उघडतात. एकदा मी विचारलं, झोपली होतीस की जागी होतीस? म्हणाली, मला आता फरक कळत नाही गं.

लोकांना वाटतं भूल देणं म्हणजे झोपवणं. झोपवायला काय लागतं? झोपवल्यावर जे बिघडतं ते सावरणं हे खरं काम, आणि बिघडायला आमच्याकडे सगळंच तयार असतं. खाणीतल्या धुळीने दगड झालेल्या छात्या, औषध आत जाताच कोसळणारे रक्तदाब, जुनाट यंत्रं. ऐन वेळी दिवे जातात आणि मग नेमेसिया हाताने फुगा दाबत बसते, पेशंटला श्वास देत. हे सगळं पेशंटच्या छातीवर आडव्या लावलेल्या पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला चालतं. पोटाकडच्या बाजूला सर्जन असतो, आणि कोंबडी त्या बाजूला जाते.

वर पुन्हा त्या खारिसिरीचं भूत. खारिसिरी माणसाला झोपवतो, कुशीतून चरबी आणि रक्त काढून नेतो, वर व्रण नाही की काही नाही. माणूस उठून घरी येतो, खंगत जातो आणि मरतो. आमच्या आज्या पाद्र्यांवर संशय घ्यायच्या, आया परगावच्या फेरीवाल्यांवर. आता माणसांना झोपवून पाठीत लांब सुई घालणारी बाई गावातच असताना लोक दुसरीकडे कशाला बघतील? नेमेसिया बाजारात भाजी घ्यायला वाकली की एखादी बाई शाल हळूच कमरेवर ओढून घेते. हसत हसत ओढते, पण ओढते. नेमेसियाला ते दिसतं. मी एकदा एकीला तोंडावर झापलं तर नेमेसियाच मला म्हणाली, जाऊ दे, कांदे घे आणि चल.

तर लिओनार्दाची गोष्ट. खाणीच्या वस्तीतली पहिलटकरीण, नवरा कामासाठी दूर खाली गरम मुलखात गेलेला, घरात ती आणि सासू. मूल आडवं आलं, पोट कापायचं ठरलं. कमरेखालचं बधिर करायला पाठीत घालतात त्या बारीक सुया त्या वेळी संपल्या होत्या. मागणी करून करून आम्ही थकलो होतो, शहरातून माल येत नव्हता. उरली होती ती जाड सुई. पूर्ण झोपवावं तर पोरीची छाती कफाने भरलेली. नेमेसियाने घटकाभर विचार केला आणि जाड सुई उचलली. माझ्या कानात म्हणाली, हिचं डोकं दुखणार बघ, लक्ष ठेव.

मुलगी झाली, रडली, सगळं नीट पार पडलं. नेमेसियाने लिओनार्दाला आणि तिच्या सासूला आमच्या आयमारा बोलीत समजावून सांगितलं, की उठून बसल्यावर डोकं फुटायची वेळ आली तर तशाच इकडे या, ते बरं करणं माझं काम. सासूने मान डोलावली. ही फिलिबेर्ता, लोक मानाने दोन्या फिलिबेर्ता म्हणतात, पाच पोरं वाढवलेली आणि तीन मातीत घातलेली बाई. तिने आमचा वॉर्ड पाहिला. खिडक्या उघड्या, फरशी गार पाण्याने पुसलेली, बाळंतिणीच्या डोक्याला साधं फडकंही बांधलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नको नको म्हणत असताना सुनेला तीन घोंगड्यांत गुंडाळून ती घेऊन गेली.

पुढे बाळाच्या लसीच्या दिवशी फिलिबेर्ता एकटीच आली, पाठीवर बाळ बांधून. बाळ हातात घेतलं आणि मला ते बरं वाटलं नाही. हलकं होतं, ओठ कोरडे. मी विचारलं, आई पाजत नाही का? बाई म्हणाली, तिला बाळंतवारा लागलाय, थंडी डोक्यात शिरलीय, आम्ही साखरेचं पाणी देतोय. मी विचारलं, आडवी असली की बरं वाटतं का तिला? फिलिबेर्ताने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. म्हणाली, "पडून असली की गप्प असते. बसवली की ओरडते आणि ओकते. तुला कसं कळलं गं?"

मी लस टोचली, बाळाला चमच्याने दूध पाजलं आणि पळत नेमेसियाला गाठलं. ती सकाळपासूनच्या शस्त्रक्रिया संपवून नुकतीच खुर्चीत बसली होती, बुटांच्या नाड्याही सोडल्या नव्हत्या. मी सांगितलं तेव्हा तिने एकदा डोळे मिटले. मग उठली. तिचे गुडघे कटकन वाजले ते मला ऐकू आलं. अशा वेळी मला त्या साऱ्या गावाचाच राग येतो, काय करू?

फिलिबेर्ता आणि बाळाबरोबर वस्तीचा चढ आम्ही थांबत थांबत चढलो. खोलीत काळोख होता. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, कोपऱ्यात ओव्याच्या पाल्याचं पाणी उकळत होतं. लिओनार्दा आडवी पडली होती, डोकं करकचून बांधलेलं. नेमेसियाने ताप पाहिला, मान वळवून पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला, हातपाय हलवायला लावले. पोरगी म्हणाली, कानात सतत घंटा वाजते आणि दाराकडे पाहिलं की एका दाराची दोन दिसतात. मग तिने नेमेसियाची बाही धरली.

"मला फक्त बसू द्या, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "बसता आलं तर पोरीला घेईन. छाती दुखून दुखून आता दूधही आटायला लागलंय."

नेमेसियाने फिलिबेर्ताला खाली बसवून समजावलं. पाठीच्या कण्यात एक पिशवी असते, त्यात पाणी असतं, त्या पाण्यावर मेंदू तरंगतो. सुईचं भोक बुजलं नाही, त्यातून पाणी झिरपतंय. बसली की मेंदू खाली ओढला जातो. फार दिवस असंच राहिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, मग माझ्या हातात काही उरणार नाही. उपाय एकच. तिच्याच दंडातलं रक्त काढायचं आणि पाठीत भोकाच्या जवळ घालायचं. ते तिथे साकळतं आणि भोक बुजतं.

फिलिबेर्ता कोकाची पानं चघळत ऐकत होती. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं खरंच होतं. हा बाळंतवारा नव्हेच. तुम्ही काढून घेतलंत."

मी उसळले. म्हटलं, अहो दोन्या, हिने काय घेतलं? तुमच्या सुनेचा जीव वाचवला, नातीचा वाचवला, आणि वर हे ऐकायचं? फिलिबेर्ताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं सरळ होतं. पाणी गेलं, हे डॉक्टरीण स्वतःच सांगते. सुई डॉक्टरणीची. पोरगी कमरेखाली बधिर पडलेली. मग दुसरं काय असतं? आणि ज्याचं काढून नेलंय त्याला सुई टोचली की माणूस जागच्या जागी मरतो, तिच्या थोरल्या दिराचं तसंच झालं होतं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे सुई नाही, इस्पितळ नाही. सून इथेच राहील.

नेमेसियाने पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत. मग तिसऱ्यांदा. तिचा आवाज खाली खाली जात होता. मी मध्ये पडून धमकावलं की पोलीस आणीन, तर फिलिबेर्ता म्हणाली, आण की, त्यालाही चहा देते. लिओनार्दा कूस बदलायला गेली आणि अंथरुणातच ओकली. बाळ रडत होतं ते रडायचंही थांबलं.

मग फिलिबेर्ता हळू आवाजात म्हणाली, "एक वाट आहे. ज्याने घेतलं त्याने स्वतः कबूल करून परत घातलं तर सुई बाधत नाही. तुम्ही म्हणा, मी घेतलं. मग मी स्वतः तिला घेऊन येते."

मी नेमेसियाचा दंड धरून तिला दाराबाहेर काढलं. म्हटलं, खबरदार असं काही बोललीस तर. आज तू इथे बोलशील आणि उद्या आपीच्या कोपऱ्यावर सगळा बाजार तेच बोलत असेल. गावातून हिंडणं मुश्कील होईल तुझं. तुझ्या आईने थंडीवाऱ्यात आपी विकून तुला शिकवलं ते हे ऐकायला? नेमेसिया दाराच्या उंबऱ्यावर बसली. डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "बेनिग्ना, भोक कुणी पाडलं?"

मी म्हटलं, सुया कुणी पाठवल्या नाहीत ते विचार.

"ते येऊन उठवून बसवणार आहेत का तिला?" असं म्हणून ती उठली आणि आत गेली. मी मागोमाग गेले. फिलिबेर्तासमोर ती उभी राहिली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाली, "मी घेतलं. माझ्या सुईने गेलं. मीच परत घालते."

फिलिबेर्ता लगेच उठली. शेजाऱ्यांना हाक मारली, दरवाजाची फळी काढली, तिच्यावर लिओनार्दाला आडवी ठेवून बटाट्याच्या ट्रकमधून इस्पितळात आणली. रस्ताभर माझा राग धुमसत होता.

फिलिबेर्ताने अट घातली की ती समोर उभी राहणार. सर्जन नाही म्हणत होता, नेमेसियाने तिला टोपी, मास्क आणि झगा चढवायला लावला. एकावर एक नेसलेल्या आपल्या सहा घागऱ्यांवर तो हिरवा झगा घालून बाई टेबलाच्या कडेला उभी राहिली. लिओनार्दा कुशीवर, गुडघे पोटाशी. मी दंडातून रक्त काढलं, नेमेसियाने पाठीत जागा शोधली. तिचे हात दिवसभराच्या कामाने जड झाले होते, पण सुई हातात आली की ते कधी हलत नाहीत. माझ्या हातातली रक्ताची सिरिंज तिने घेतली आणि रक्त सावकाश, अगदी सावकाश आत सोडलं. फिलिबेर्ताची नजर त्या सिरिंजवरून ढळली नाही. पाठीत दाब जाणवतोय, असं पोरगी म्हणाली तेव्हा नेमेसिया थांबली.

"सगळं घातलं?" फिलिबेर्ताने विचारलं.

नेमेसिया म्हणाली, "सगळं."

तासभर आम्ही तिला उताणी झोपवून ठेवलं. मग मी मान धरून हळूहळू बसवलं. लिओनार्दा डोळे घट्ट मिटून बसली, दुखण्याची वाट बघत. ते आलं नाही. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. दारं अजून दोन दिसत होती, ते जायला पुढे काही आठवडे लागले, पण ती बसली होती. म्हणाली, द्या तिला. बाळ छातीला लावलं, आधी नुसतं चुळबुळलं आणि मग ओढायला लागलं. मी तिथे उभी राहून रडले, लपवण्यात काय अर्थ आहे?

फिलिबेर्ताने आभार मानले नाहीत. कमरेच्या पुरचुंडीतून कोकाची मूठभर पानं काढली, नेमेसियाच्या ओंजळीत घातली आणि म्हणाली, "आता पुन्हा कुणाचं घेऊ नका हं, बाई." नेमेसिया म्हणाली, बरं.

पुढे मी म्हटलं होतं तेच झालं. दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं की डॉक्टरीणबाई खारिसिरी निघाली, स्वतःच्या तोंडाने बोलली. आपीवाल्या बायका तिला पेला देताना हात लांब करायला लागल्या. एका माणसाने सुजलेलं आंत्रपुच्छ घेऊन तसाच ओरुरो शहरात जातो म्हणून हट्ट धरला. मला वाटलं, संपलं आता हिचं इथलं. पण माणसाचं डोकं कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. ही घेते खरी, पण सांगितलं तर परत देते, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते पटलं लोकांना.

मग रांग लागायला लागली. दुपारचं काम संपलं की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर माणसं. एकाची कंबर धरलेली, कधीकाळी हर्नियाच्या वेळी तुम्ही घेतलंत म्हणे. एकीचा खांदा. एका म्हाताऱ्याचा गुडघा, ज्याला नेमेसियाने जन्मात हात लावला नव्हता. माझंही परत द्या, म्हणत सगळे दारात. मी ओरडायचे, हे काय देवळातलं दान आहे का? नेमेसिया मला आत बोलवायची आणि म्हणायची, दुखतंय ना त्यांना? मग ती तपासायची, कुणाच्या सांध्यात औषध टोचायची, कुणाच्या शिरेभोवती बधिर करायची, कुणाला नुसतं कसं बसायचं, कसं वाकायचं ते शिकवायची. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेली माणसं होती ती, दुखतंय असं इस्पितळात येऊन सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यातले बरेच बरे झाले. प्रत्येक जण जाताना तिला माफ केल्यासारखा चेहरा करून जायचा, आणि माझा तिळपापड व्हायचा. आधी निदान दुपारी तिला घटकाभर खुर्ची तरी मिळायची, आता तीही गेली.

अशाच एका दुपारी बाकाच्या टोकाला खाणीतला म्हातारा कासियानो, आमच्या बोलीत ताता कासियानो, बसलेला दिसला. सगळ्यांना पुढे सोडत तो शेवटी आत आला. टोपी दोन्ही हातांत धरलेली. नेमेसियाने विचारलं, कुठे दुखतं, ताता? तो म्हणाला, माझं काही दुखत नाही. माझी बायको एन्कार्नासिओन. आतड्याला पीळ पडला म्हणून आणली होती. तुम्ही झोपवलीत, ती उठलीच नाही.

मला आठवली. नेमेसियालाही आठवली, तिचा चेहरा मी पाहिला. बाईने आम्हाला शपथेवर सांगितलं होतं की कालपासून पोटात काही नाही. भूल चढली आणि घशातून वर आलं ते जाडसर सूप, त्यात मेंढीच्या मांसाचे तुकडे, बटाटा, किनोआचे दाणे, सगळं त्याच सकाळचं. ते सरळ फुफ्फुसात उतरलं. नेमेसियाने ओढून काढलं, नळी घातली, पुढचे दिवस ती त्या खाटेपासून हलली नाही. बाई गेली. आमच्याकडे रिकाम्या पोटी कुणी कुणाला सुरीखाली पाठवत नाही, घरातलं माणूस काहीतरी पाजतंच आणि विचारलं की नाही म्हणतं. नेमेसियाने तेव्हा घरच्यांना एवढंच सांगितलं होतं, की छातीत पाणी झालं. सुपाबद्दल कुणाला विचारलं नाही, मलाही विचारू दिलं नाही.

ताता कासियानो टोपी फिरवत म्हणाला, "तुम्ही नको म्हणाला होतात. तरी मी पहाटे तिला सूप पाजलं. ती नको म्हणत होती, मी म्हटलं, दोन घोट घे, अंगात बळ राहील. तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतोय. आता लोक म्हणतात, तुम्ही खरं सांगता. म्हणून आलो. ते सूप होतं, की तुम्ही घेतलंत?"

मी नेमेसियाकडे बघून मान हलवत होते, नको, नको. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती खुर्चीतून उठली, त्याच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "सूप नव्हतं, ताता. मी घेतलं. आणि हे मला परत देता येत नाही."

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. मग त्याने आपला हात, खाणीने काळा पडलेला, नेमेसियाच्या डोक्यावर ठेवला.

"मी तुला माफ केलं, पोरी," तो म्हणाला.

नेमेसियाने मान खाली घातली आणि तो हात उचलेपर्यंत ती हलली नाही.